घरमालकाकडची दुसरी किल्ली : तो तुमच्या घरात केव्हा येऊ शकतो?

प्रश्न असा आहे. विचारणाऱ्या ताई एका खासगी दवाखान्यात नर्स आहेत, ड्युटी पाळीने असते. यजमान गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला. कोल्हापूरच्या सागरमाळ भागात तळमजल्यावर वन बीएचके भाड्याने घेतलंय, वरच्या मजल्यावर मालक आणि मालकीणबाई राहतात. ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार आहे, रीतसर नोंदवलेला. मालकांकडे दुसरी किल्ली आहे आणि पाण्याच्या मोटरचा स्टार्टर नेमका या तळमजल्याच्या स्वयंपाकघरालगतच्या बोळात बसवलेला आहे. त्यामुळे पाणी आलं की मालक खाली येतात, दार उघडतात, बटण दाबतात आणि जातात. नाइट करून ताई दुपारी झोपल्या होत्या तेव्हाही ते असेच आत आले. मध्यंतरी दोघं बाहेर असताना कुणा पाहुण्यांना घर आतून दाखवून गेले, हे शेजारणीकडून कळलं. विषय काढला तर काकांनी करारातलं वाक्य दाखवलं : ‘मालकास केव्हाही जागेची पाहणी करण्याचा अधिकार राहील.’ वर म्हणाले, "घर माझं आहे, मी काय चोर आहे का?" आता ताईंना विचारायचंय की हे सहन करायचंच का, कुलूप बदललं तर चालेल का, आणि पोलिसांत जावं का.

सहन करायचं कारण नाही. कुलपाचा बंदोबस्त करता येतो, त्याची पद्धत पुढे सांगतो. पोलिसांकडे मात्र आज जाऊ नका. आधी एक लेखी मेसेज गेला पाहिजे, आणि त्या मेसेजवरच पुढचं सगळं अवलंबून राहील.

मी कोल्हापुरात घरभाड्याचे दावे आणि करार बरीच वर्षं बघतोय. भाडेकरूंचा वकील म्हणून उभा राहिलो तसा घरमालकांचाही राहिलो. त्यामुळे दोन्हीकडची भीती मला माहीत आहे. इथला घरमालक बहुतेक वेळा बिल्डर नसतो. निवृत्तीचा फंड, ग्रॅच्युइटी, गावाकडची गुंठाभर जमीन विकून आलेले पैसे यांतून त्याने खालचा मजला बांधलेला असतो आणि भाड्यावर त्याचं औषधपाणी चालतं. ‘भाडेकरू घर बळकावतो’ ही गोष्ट त्याने पेठेतल्या कुठल्यातरी जुन्या वाड्याच्या खटल्यातून ऐकलेली असते. दुसरी किल्ली त्याला आपली मालकी शाबूत असल्याची खूण वाटते. हे समजून घेतलं की त्याच्याशी बोलणं सोपं जातं. पण समजून घेणं म्हणजे मान्य करणं नव्हे, आणि कायदाही त्याच्या बाजूने नाही.

महाराष्ट्रात घरभाड्याला ‘महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९’ लागू आहे. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. या कायद्याचं कलम २८ एका वाक्याचं आहे आणि तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे. भाड्याने किंवा लायसन्सवर दिलेल्या जागेची पाहणी करण्याचा मालकाला हक्क आहे, पण वाजवी वेळी, आणि भाडेकरूला, लायसन्सीला (म्हणजे लायसन्सवर जागा घेणाऱ्याला) किंवा तिथे राहणाऱ्याला आगाऊ सूचना देऊन. हक्क आहे, हे आधी मान्य करा. ‘आमच्या घरात पाय ठेवायचा नाही’ असं मालकाला म्हणणारा भाडेकरू चुकतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातही, कलम १०८ मध्ये, मालकाला वाजवी वेळी आत येऊन जागेची अवस्था बघू देण्याचं बंधन भाडेपट्टेदारावर घातलंय. पण त्याच कलमात मालकाचीही जबाबदारी आहे : भाडं नियमित भरणाऱ्याला मुदतभर विनाअडथळा जागेचा उपभोग घेता आला पाहिजे.

इथे समोरचा वकील एक मुद्दा हमखास काढतो, तो आधीच सांगून ठेवतो. तो म्हणेल, हा भाडेपट्टा नाही, लिव्ह अँड लायसन्स आहे. १८८२ च्याच भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे लायसन्स म्हणजे फक्त वापराची परवानगी, जागेत कुठलाही हितसंबंध निर्माण होत नाही, म्हणून कायदेशीर ताबा मालकाचाच. आपल्याकडच्या छापील करारांत तसं वाक्यही असतं. हितसंबंधाबद्दल तो म्हणतो ते खरं आहे. म्हणूनच कलम २८ चे शब्द मोलाचे आहेत. त्यात ‘भाड्याने दिलेल्या’ एवढंच म्हणून कायदा थांबलेला नाही, ‘किंवा लायसन्सवर दिलेल्या’ असंही घातलंय, आणि सूचना द्यायच्या माणसांत लायसन्सीचं नाव घेतलंय. म्हणजे ११ महिन्यांच्या करारावर राहणाऱ्यालाही न सांगता त्याच्या घरात यायचं नाही. यावर वाद घालायला जागा उरत नाही.

मग करारातल्या ‘केव्हाही’चं काय? माझं मत स्पष्ट आहे. ते वाक्य कायद्यासोबत वाचायचं असतं. पाहणीचा अधिकार केव्हाही वापरता येईल, म्हणजे मुदतीत कुठल्याही महिन्यात वापरता येईल. वेळ वाजवी असणं आणि सूचना देणं त्यातून गळत नाही. शिवाय ते वाक्य पाहणीपुरतं आहे. मोटर लावायला येणं ही पाहणी नाही. परक्या माणसांना तुमचं अंथरूण, तुमचं कपाट, तुमचं देवघर दाखवणं ही तर नाहीच नाही. तरीही पुढच्या वेळी अशा वाक्यावर सही करू नका. कलम २४ खाली, म्हणजे मुदत संपल्यावर मालकाने जागेच्या ताब्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज केला तर, लेखी लायसन्स करार त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. एजंटच्या ऑफिसात अंगठा लावताना किंवा वेबकॅमसमोर बसताना आपण भाडं आणि डिपॉझिट तेवढं वाचतो. बाकीची पानंही तितक्याच बारकाईने वाचा.

आगाऊ सूचना म्हणजे किती आधी, हे १९९९ च्या कायद्यात तासांत मोजून दिलेलं नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये राज्यांसाठी आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर केला, त्यात ते मोजून दिलंय : किमान २४ तास आधी, लेखी किंवा मोबाइलवरून सूचना, आणि सूर्योदयापूर्वी किंवा सूर्यास्तानंतर आत यायचं नाही. राज्याने स्वीकारल्याशिवाय हा मसुदा बंधनकारक होत नाही आणि आपल्याकडे १९९९ चाच कायदा चालतो. त्यामुळे न्यायालयात त्याच्या जोरावर भांडता येणार नाही. पण ‘वाजवी’ म्हणजे काय हे मालकाशी बोलताना त्या २४ तासांचा आधार घेता येतो, आणि बहुतेक मालकांना तो पटतो.

आता मोटरच्या स्टार्टरबद्दल. माझ्या अनुभवात घरात शिरण्याच्या निम्म्या तक्रारींच्या मुळाशी असंच काहीतरी असतं : स्टार्टर, पाण्याचा व्हॉल्व्ह, मीटरचा बोर्ड, टाकीवर जायची शिडी. घर बांधताना सगळं एका कुटुंबासाठी बांधलेलं असतं, नंतर खालचा मजला भाड्याने जातो आणि बटण तिथेच राहतं. त्यात आपल्याकडे पाणी ठरावीक वेळेला येतं, पहाटे येतं, कधी अवेळी येतं. मालक घाईने खाली येतो तेव्हा त्याच्या मनात दुसरं काही नसतं. तुमच्या काकांच्याही मनात नसेल, असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. म्हणून आधी बटण हलवायचं बघा. स्टार्टर जिन्याखाली किंवा बाहेरच्या भिंतीवर नेणं हे इलेक्ट्रिशियनचं एका दिवसाचं काम आहे. वायर, पाइप आणि पावसापासून आडोसा म्हणून छोटी पेटी, एवढंच सामान लागतं. खर्च मालकाने करायला हवा, पण निम्मा तुम्ही उचलायची तयारी दाखवली तर काम त्याच आठवड्यात होऊन जाईल. माझा सल्ला आहे की दाखवा. रोज दुपारी शांत झोप मिळणं त्या पैशांपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे, आणि पाळीची ड्युटी करणाऱ्या बाईला ती मिळत नसेल तर हा प्रश्न नुसता कलमांचा उरत नाही. ते होईपर्यंत मोटर तुम्ही लावायची, तुम्ही घरी नसाल तेव्हा काकांनी आधी फोन करायचा, अशी तात्पुरती व्यवस्था ठरवा.

कुलूप. दाराला मालकाने बसवलेलं लॅच असेल तर ते काढून दुसरं बसवायला त्याची परवानगी घ्या, कारण ती त्याच्या मालमत्तेतली वस्तू आहे. पण कडीला बाहेरून स्वतःचं कुलूप लावायला कुणाची परवानगी लागत नाही. आतून कडी किंवा साखळी नसेल तर मालकाला सांगून ती आजच बसवून घ्या. तुम्ही आत झोपलेल्या असताना लॅचच्या दुसऱ्या किल्लीने दार उघडू नये, यासाठी आतली कडीच उपयोगाची. स्वतःचं कुलूप लावलं की मालक म्हणेल, आग लागली तर? गॅस गळला तर? प्रश्न रास्त आहे. त्यावर मी बऱ्याच घरांत हा उपाय करून दिलाय : दुसरी किल्ली एका पाकिटात घालायची, पाकीट चिकटवायचं, चिकटवलेल्या जागेवर दोघांनी आडव्या सह्या करायच्या आणि ते पाकीट मालकाकडे ठेवायचं. खरंच निकड आली तर त्याने ते खुशाल फोडावं. एरवी ते बंदच दिसलं पाहिजे. यात त्याला अविश्वास वाटत नाही, आणि किल्ली वापरली गेली तर तुम्हाला कळतं. हे ठरवाल तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ लिहून ठेवा.

निकड म्हणजे काय, हेही बोलून घ्या. आग, गॅसचा वास, छतातून पाणी गळणं, आतून कुणी आजारी पडून हाका मारत असणं. आणि कोल्हापुरात पूर. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शाहूपुरी, दुधाळी, नागाळा पार्कच्या सखल भागात पाणी शिरलं, तेव्हा गावी गेलेल्या भाडेकरूंची भांडी, गाद्या, मुलांची पुस्तकं मालकांनी दार उघडून वरच्या मजल्यावर नेली. अशा वेळी सूचना वगैरे विचारत बसायचं नसतं. तुम्ही सागरमाळला उंचावर आहात, पण नदीकडच्या बाजूला राहणाऱ्यांनी करारात एक ओळ आवर्जून घालावी : राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की मालकाने फोन करायचा, ४३ फुटांची धोका पातळी गाठली आणि भाडेकरू हजर नसेल तर शेजारचा एक माणूस सोबत घेऊन, व्हिडिओ काढत सामान हलवायचं. आकडे ठरलेले असले की नंतर कपाट कुणी उघडलं यावरून भांडण होत नाही.

घर दाखवण्याबद्दल. करार संपत आला, किंवा तुम्ही सोडणार असल्याची नोटीस दिली, की मालकाला नवा भाडेकरू बघावा लागणारच. तिथे अडवू नका. पण वेळ तुमच्या सोयीची ठरवा. आठवड्यातले दोन दिवस, संध्याकाळचा एखादा तास, तुमच्यापैकी कुणीतरी घरात असताना. एजंटने फोटो काढून जाहिरातीत टाकायचे असतील तर तुमचं सामान, मुलांचे फोटो, औषधांचा कप्पा दिसता कामा नये, हे तोंडावर सांगा. तुमच्या बाबतीत करार चालू आहे, नोटीस नाही, मग काकांनी घर दाखवलं कशाला, हेही विचारून घ्या. कदाचित घर विकायचं त्यांच्या मनात असेल. तसं असेल तर ते तुम्हाला लवकर कळलेलं बरं.

आता कागद. भाडं मागे ठेवून मालकाला वठणीवर आणू, असा विचार अजिबात करू नका. थकबाकी झाली की तुमची बाजू तिथेच लंगडी होते. मुदत संपल्यावर रागाने बसून राहिलात तर कलम २४ खाली भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई लागू शकते, तेही लक्षात असू द्या. भाडं वेळेवर, शक्यतो बँकेतून द्या. रोख देत असाल तर पावती घ्या, ती देणं कायद्याने मालकावर बंधनकारक आहे. आणि आजपासून एका वहीत टिपून ठेवा : तारीख, वेळ, कोण आलं, तुम्ही कुठे होता, कुणी पाहिलं. शेजारणीने पाहिलं तो दिवस तिला विचारून लिहा.

मग मेसेज. आधी तोंडी बोला, शक्यतो काकूंच्या समोर. माझा अनुभव असा की नाइट ड्युटीनंतर झोपलेल्या बाईच्या घरात पुरुषाने किल्लीने शिरणं म्हणजे काय, हे मालकीणबाईंना एका वाक्यात कळतं, पुढचं त्या बघून घेतात. त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा. साधारण असं :

‘काका, आज बोललो त्याप्रमाणे लिहून ठेवते. घराची पाहणी करायला किंवा दुरुस्तीला यायचं असेल तर कृपया एक दिवस आधी मेसेज करा, आम्ही थांबू. आम्ही घरी नसताना किंवा न सांगता दार उघडून आत येऊ नये अशी विनंती आहे. निकड असेल तर फोन करून खुशाल यावं. मोटरचं बटण बाहेर घेण्याच्या खर्चात आम्ही निम्मा वाटा देऊ. दुसऱ्या किल्लीचं पाकीट रविवारी करून देते.’

यात आरोप नाही, कलम नाही, धमकी नाही. तरी पुढे गरज पडली तर न्यायालयात दाखवायला हे पुरेसं आहे. उत्तर आलं तर उत्तम, नाही आलं तरी निळ्या खुणा दिसतीलच. फोन बदलला तरी ही चॅट पुसू नका. स्क्रीनशॉटवर भागत नाही, मूळ मोबाइल आणि त्यासोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लागू शकतं.

पोलिसांकडे आज जाऊ नका असं म्हटलं, त्याचं कारण इथे आहे. भारतीय न्याय संहितेत, जी १ जुलै २०२४ पासून लागू आहे, कलम ३२९ मध्ये गृह-अतिक्रमणाचा गुन्हा आहे. त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. या गुन्ह्यात मालकी कुणाची हे बघत नाहीत, ताबा कुणाचा हे बघतात. म्हणून मालकावरही तो लागू शकतो. पण त्याला हेतू लागतो : गुन्हा करण्याचा, किंवा राहणाऱ्याला धमकावण्याचा, अपमान करण्याचा, त्रास देण्याचा. मोटर लावायला आलेल्या काकांचा तो हेतू होता असं ठाण्यातला हवालदार मानणार नाही. ‘हा दिवाणी मामला आहे, आपसात मिटवा’ म्हणून परत पाठवेल. मात्र ‘येऊ नका’ असं तुम्ही लेखी कळवल्यावरही ते तसेच येत राहिले, तर त्याला त्रास देण्याचा हेतू म्हणायला आधार मिळतो. मेसेजचं महत्त्व एवढ्यासाठी.

काही गोष्टी मात्र मेसेजची वाट बघण्यासारख्या नसतात. खोलीत किंवा न्हाणीघरात लपवलेला कॅमेरा सापडला, कुणी खिडकीतून, डक्टमधून डोकावताना दिसलं, दारू पिऊन मालक किंवा त्याचा मुलगा दार वाजवत राहिला, तर सरळ ११२ ला फोन करा. कॅमेऱ्याला हात लावू नका, वायर ओढू नका, आहे तसा फोटो काढा आणि खोलीबाहेर थांबा. स्त्रीला तिच्या खासगी क्षणी चोरून बघणं किंवा तिचं चित्रण करणं हा संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं कैद. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ई त्याच्या जोडीला लागतं. इथे मालक वयस्कर आहेत, ओळखीचे आहेत, असल्या विचाराने कुणाचं ऐकून गप्प बसू नका. जिन्यात, गेटवर, पार्किंगमध्ये मालकाने लावलेला सीसीटीव्ही वेगळा, तो चालतो. पण त्याचं तोंड तुमच्या उघड्या दारातून थेट आत, किंवा खिडकीत असेल तर कोन बदलायला सांगा, आणि तेही लेखी सांगा. तुम्ही स्वतःच्या घरात, दाराकडे तोंड करून छोटा कॅमेरा लावू शकता. तो लावलाय हे मालकाला कळू द्या, बऱ्याचदा तेवढ्यावर थांबतं.

पोलिसांत भाडेकरूची माहिती देणं आणि घरात शिरणं यांची काही मालक गल्लत करतात. माहिती देणं त्यांचं कामच आहे. त्यासाठी आधार कार्डाची प्रत, फोटो, कामाच्या ठिकाणाचा पत्ता मागतील, तो द्या. पण ‘पोलिसांनी घरात कोण येतंय ते बघायला सांगितलंय’ म्हणून रात्री येऊन खोल्या बघण्याचा परवाना त्यातून मिळत नाही. हेच स्वयंपाकघराबद्दल. करारात मांसाहार करायचा नाही अशी अट मान्य केली असेल तर ती पाळा किंवा घर बदला. पण अट आहे म्हणून पातेल्यावरचं झाकण उचलून बघायचा हक्क कुणाला नाही. रविवारच्या मटणावरून इथे किती घरं सोडावी लागली आहेत, हे मला माहीत आहे, आणि दर वेळी वाईट वाटतं.

लेखी सांगूनही न सुधारल्यास पुढचे टप्पे. स्पीड पोस्टाने वकिलाची नोटीस, पोचपावती जपून ठेवा. मग राजारामपुरी, लक्ष्मीपुरी, शाहूपुरी, जुना राजवाडा, करवीर, यांपैकी ज्या ठाण्याची हद्द असेल तिथे लेखी अर्ज, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय ठाणं सोडायचं नाही. दखल घेतली नाही तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवता येतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, कलम १७३ मध्ये तशी सोय आहे. दिवाणी बाजूने कायम मनाईचा दावा आणि सोबत तूर्तातूर्त, म्हणजे दावा चालू असेपर्यंतच्या, मनाईचा अर्ज. त्यात मागणी एवढीच : पूर्वसूचनेशिवाय आत येऊ नये आणि कायद्याच्या मार्गाशिवाय बाहेर काढू नये. फी परवडत नाही म्हणून थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. त्यासाठी कसबा बावडा रोडवरच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा.

बोलणं बिघडलं की काही मालक पाणी तोडतात, वीज बंद करतात, किंवा तुम्ही कामावर असताना दाराला आपलं कुलूप ठोकतात. पाणी-वीज तोडायला १९९९ च्या कायद्याचं कलम २९ मनाई करतं. पण त्यात शब्द ‘भाडेकरू’ असा आहे, लायसन्सीचं नाव कलम २८ सारखं घेतलेलं नाही. समोरचा वकील तिथे बोट ठेवेल, म्हणून लिव्ह अँड लायसन्सवाल्याने मनाईच्या दाव्यातच पाणी-विजेचा मुद्दा घालावा. बाहेर काढण्याबद्दल मात्र शंका नको. कृष्णा राम महाले यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये स्पष्ट केलंय की स्थिर ताब्यातल्या माणसाला, लायसन्सची मुदत संपलेली असली तरी, कायद्याच्या मार्गाशिवाय काढता येत नाही. आणि तसं काढलंच तर १९६३ च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली ताबा परत मागता येतो. फक्त सहा महिन्यांच्या आत दावा लावला पाहिजे. ही मुदत अनेकांची हातची जाते, कारण ते सामान परत मिळवण्याच्या वाटाघाटी करत बसतात.

विद्यापीठ परिसरात, राजेंद्रनगरात, केआयटी किंवा मेडिकल कॉलेजच्या आसपास कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलामुलींसाठी वेगळं सांगायला हवं, कारण हे वाचून ते कलम २८ दाखवायला जातील आणि तोंडघशी पडतील. १९९९ च्या कायद्यातल्या लायसन्सीच्या व्याख्येतून पेइंग गेस्टला आणि वसतिगृहात राहणाऱ्याला वगळलेलं आहे. त्यामुळे तुमचं संरक्षण म्हणजे तुमचा लेखी कागद आणि फौजदारी कायदा. कॉट घेताना एका पानावर तरी लिहून घ्या : खोलीची झाडलोट किती वाजता, दार वाजवून उत्तर येईपर्यंत थांबायचं, कपाटाची किल्ली फक्त राहणाऱ्याकडे, मुलींच्या खोलीत पुरुष कामगार आला तर सोबत बाई हवी. चेंजिंग आणि बाथरूमच्या बाबतीत कलम ७७ तुम्हालाही तितकंच लागू आहे. तिथे पेइंग गेस्ट आणि भाडेकरू असा भेद नाही.

मंगळवार पेठ, शिवाजी पेठेतल्या जुन्या वाड्यांचं गणित निराळं. तिथे पिढ्यान्‌पिढ्यांचे भाडेकरू आहेत, चौक सामाईक, नळ सामाईक. चौकातून मालकाने ये-जा करणं म्हणजे घरात शिरणं होत नाही. खोलीचा उंबरा ओलांडला की मात्र कलम २८ लागतं.

दुरुस्तीबद्दल एकच गोष्ट. मालक आत येऊ देत नाही म्हणून दुरुस्ती करत नाही असं म्हणतो, आणि भाडेकरू दुरुस्ती करत नाही म्हणून आत येऊ देत नाही, असा तिढा मी पुष्कळ बघितलाय. कलम १४ प्रमाणे घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम. गळती असेल तर तुम्हीच तारीख देऊन बोलवा : ‘शनिवारी दहा ते एक प्लंबर घेऊन या.’ बोलावून न आल्याची नोंद मेसेजमध्ये राहिली की पुढे कुणी तुमच्यावर अडवणुकीचा ठपका ठेवू शकत नाही.

ताई, तुमचा करार संपायला अजून काही महिने असतील. नूतनीकरणाच्या वेळी ‘केव्हाही’ हा शब्द काढून त्या जागी हे घाला : ‘मालकास किमान २४ तास आधी लेखी किंवा मोबाइल संदेशाद्वारे कळवून, सकाळी १० ते सायंकाळी ६ या वेळेत, लायसन्सी किंवा त्यांच्या घरातील सज्ञान व्यक्तीच्या उपस्थितीत जागेची पाहणी अथवा दुरुस्ती करता येईल. आग, गळती, पूर अशा आकस्मिक प्रसंगी फोन करून तत्काळ प्रवेश करता येईल व त्याची माहिती त्याच दिवशी संदेशाद्वारे दिली जाईल.’ नाइट असलेल्या दिवसांचा तक्ता दर महिन्याला काकांना पाठवायची तुमची तयारी असेल तर तेही लिहा, त्याने त्यांची अडचण कमी होईल. ऑनलाइन नोंदणी करणाऱ्याला हा मजकूर टाइप करून आधीच पाठवा. तिथे बसल्यावर घाईत तो जुनाच छापील नमुना लावतो, म्हणून सहीपूर्वी मसुद्याचं ते पान उघडून वाचा आणि मगच अंगठा द्या.